लेखकाची भूक आणि दुसऱ्याचे शब्द



समोर पाहिले तर बरेच चेहरे ओळखीचे दिसतात. काही साहित्यामुळे ओळखीचे आहेत, बाकीचे दवाखान्यामुळे. दवाखान्यात तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. आज उलटे आहे, म्हणून थोडे दडपण आले आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दरवर्षी ही भाषणे फोनवरून थेट दाखवली जातात. माझे दाखवू नये, अशी विनंती मी कार्यवाहांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. कारण शेवटी कळेल.

पत्रिकेत ‘लेखक आणि समाजमाध्यमे’ असा विषय छापला आहे. तो मीच कळवला होता. पण वाचन कमी झाले, मोबाइलने वेळ खाल्ला, भाषा बिघडली, हे जे नेहमी बोलले जाते ते मी बोलणार नाही. त्यात खरे किती आणि आमचे वय किती बोलते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मला बोलायचे आहे ते एका भुकेविषयी. कुणीतरी आपल्याकडे पाहावे, आपण केलेल्याला चांगले म्हणावे, ही ती भूक. लेखकाला ती असतेच. नसती तर त्याने लिहून ट्रंकेत ठेवले असते, संपादकाकडे कशाला पाठवले असते? त्यामुळे भूक वाईट असे मी म्हणणार नाही. भूकच लागत नाही म्हणून येणारा रुग्ण मला जास्त काळजीत टाकतो.

तर एक हकिकत सांगतो. ती अमेरिकेतल्या बोस्टन शहराची आहे. बेळगावात उभे राहून बोस्टनचे कशाला, असे तुम्ही म्हणाल. एक तर तिच्यात एक मूत्रपिंड आहे, त्यामुळे माझ्यातल्या डॉक्टरने ती वाचली. दुसरे, ती वाचल्यावर माझी स्वतःची एक गोष्ट तुमच्यासमोर सांगण्याचे बळ मला आले.

२०१५ साली डॉन डॉरलंड नावाच्या एका लेखिकेने आपले एक मूत्रपिंड दान केले. नवऱ्याला नाही, भावाला नाही, मुलाला नाही. ज्याला कधी पाहिलेही नाही अशा माणसाला. आपल्याकडे हे जवळजवळ ऐकू येत नाही. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जिवंत माणसाला जवळच्या नातेवाइकाखेरीज कुणाला अवयव द्यायचा असेल तर समितीची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण आपल्याकडे मूत्रपिंडाचा बाजार झालेला आपण वर्तमानपत्रांत वाचला आहे. तिकडे अशा दानातून साखळी करतात. समजा तुमच्या पत्नीला मूत्रपिंड हवे आहे, तुम्ही द्यायला तयार आहात, पण रक्तगट जुळत नाही. अशा वेळी एखादा परका दाता तुमच्या पत्नीला देतो आणि तुम्ही तुमचे दुसऱ्या कुणाला देता. मग त्याच्या घरचा माणूस तिसऱ्याला. एका परक्याच्या दानाने अशी कितीतरी माणसे डायलिसिसच्या खुर्चीवरून उठतात. हे दान लहान नाही. पुढे जे ऐकाल ते ऐकताना एवढे ध्यानात असू द्या.

या काळात डॉरलंड यांनी फेसबुकवर एक खासगी गट केला. त्यात घरची माणसे, मित्र, आणि बोस्टनच्या ग्रबस्ट्रीट या लेखनशाळेतल्या ओळखीचे काही लेखक होते. साखळीतल्या शेवटच्या रुग्णाला उद्देशून लिहिलेले एक पत्र त्यांनी तिथे ठेवले. आपले बालपण कसे गेले, हे दान आपण का केले, असे ते पत्र होते. गटात सोन्या लार्सन नावाच्या दुसऱ्या लेखिकाही होत्या. डॉरलंड यांच्या लेखी ती मैत्री होती, लार्सन यांच्या लेखी ओळख. बरीच भांडणे याच फरकातून सुरू होतात, पण तो फरक कुणी कुणाला तोंडावर सांगत नाही.

थोड्याच दिवसांत डॉरलंड यांच्या लक्षात आले, की गटातले काही जण काहीच बोलले नाहीत, आणि त्यांत लार्सनही होत्या. तेव्हा त्यांनी लार्सनना ईमेल केला आणि आडून विचारले, मी मूत्रपिंड दिले हे तुला माहीत आहे ना? लार्सननी उत्तरात कौतुक केले. मागितल्यावर मिळालेल्या कौतुकाला जेवढी चव असते तेवढीच त्याला असणार.

या जागी मी पुष्कळ वेळ थांबलो. तुम्हीही थांबा. ज्या बाईने पोट चिरून घेऊन परक्याला जीवदान दिले, ती कोण बोलले आणि कोण बोलले नाही याची यादी करत बसली, हे वाचून आधी हसू येते. मग आपल्या घरच्या गोष्टी आठवतात. आमच्या समाजात पंचकल्याणक पूजेत अभिषेकाचे सवाल होतात, म्हणजे बोली लागते, आणि सवाल घेणाऱ्याचे नाव माइकवरून पुकारतात. ते एक वेळ ठीक, उघड आहे. पण ज्यांना नाव नको असते त्यांच्यासाठी गुप्तदानाची सोय असते. गुप्तदान देऊन, मग यादी वाचली जात असताना ‘गुप्तदान, पाच हजार एक’ हे शब्द कानावर पडेपर्यंत मंडपातून न हललेले सज्जन मी पाहिले आहेत. एकाने तर दुसऱ्या दिवशी पंचांना विचारले, काल माझे गुप्तदान वाचायचे राहिले काय?

होमिओपॅथीत पॅलेडियम नावाचे एक औषध आहे. त्याच्या वर्णनात बोरिक यांनी मनाची जी लक्षणे दिली आहेत त्यांत प्रशंसेची आवड आहे, अभिमान आहे, चटकन दुखावणे आहे. आणि एक लक्षण फार बारीक आहे. असा माणूस चारचौघांत असेपर्यंत टवटवीत असतो आणि लोक निघून गेले की गळून जातो. कॉलेजात हे पाठ केले तेव्हा मला ते एखाद्या रुसणाऱ्या बाईचे चित्र वाटले होते. आता कविसंमेलनाहून घरी परतणारा कुठलाही कवी वाटतो. पुरुषच जास्त.

असो. पुढची हकिकत अशी. वर्षभराने, २०१६ मध्ये, एका समान ओळखीच्या माणसाने फेसबुकवर डॉरलंडना सहज लिहिले, की सोन्याने एका पुस्तकाच्या दुकानात मूत्रपिंडदानावरची गोष्ट वाचली, मला तुझी आठवण झाली. डॉरलंडना तोवर या गोष्टीचा पत्ता नव्हता. ‘द काइंडेस्ट’ हे त्या कथेचे नाव. तिची नायिका चिनी वंशाची अमेरिकन बाई आहे, दारूच्या आहारी गेलेली, अपघातानंतर तिला एका गोऱ्या बाईचे मूत्रपिंड मिळते. देणाऱ्या बाईला आपल्या दानाची कृतज्ञता हवी आहे, फार हवी आहे. कथेचा रोख तिच्यावर आहे, उपकार करणाऱ्याच्या अहंकारावर आणि त्यातल्या वर्णभेदावर. कथा म्हणून कल्पना भक्कम आहे. पण कथेत दात्या बाईचे एक पत्र आहे, आणि सुरुवातीच्या ध्वनिमुद्रित आवृत्तीत ते पत्र डॉरलंड यांनी गटात ठेवलेल्या पत्राच्या फार जवळचे होते. कल्पना सारखी असणे वेगळे. इथे वाक्यांची चाल तीच होती. एका आरंभीच्या खर्ड्यात तर त्या पात्राचे नावही डॉनच होते.

२०१८ साली बोस्टनच्या ग्रंथमहोत्सवाने ही कथा निवडली. शहराने मिळून एक कथा वाचायची, प्रती मोफत वाटायच्या, असा त्यांचा उपक्रम होता. डॉरलंड यांच्या तक्रारीनंतर तो कार्यक्रमच रद्द झाला. २०१९ मध्ये लार्सन न्यायालयात गेल्या, डॉरलंड यांनी उलट दावा केला. तिकडच्या पद्धतीप्रमाणे दोन्ही बाजूंना आपापली कागदपत्रे दाखवावी लागतात, त्यात फोनवरचे संदेशही आले. लार्सन आणि त्यांचे लेखक-मित्र आपसांतल्या गटात डॉरलंड यांची जी चेष्टा करत होते ती सगळी न्यायालयाच्या फायलीत गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत रॉबर्ट कोल्कर यांनी या प्रकरणावर मोठा लेख लिहिला. विषय त्यांच्याकडे कुणी नेला होता? खुद्द डॉरलंड यांनीच. मग काही दिवस ट्विटरवर निम्मे जग डॉरलंडच्या बाजूने आणि निम्मे लार्सनच्या बाजूने भांडले. लोकांनी फायलीतले संदेश शोधून काढले, ओळी रंगवून एकमेकांना पाठवले. खटल्याचा निकाल २०२३ साली लागला. पत्राचा कथेतला वापर कायद्याने चालण्यासारखा ठरला, आणि लार्सन यांचे डॉरलंडविरुद्धचे दावेही टिकले नाहीत. म्हणजे इतकी वर्षे खर्चून दोघीही होत्या तिथेच.

आपल्याकडेही लेखकांनी लेखकांची टर उडवली आहे. पुण्यात १९२३ च्या सुमारास रविकिरण मंडळ सुरू झाले. कवी रविवारी जमायचे, चहा घ्यायचे, एकमेकांच्या कविता ऐकायचे. त्यांच्या काव्याच्या तऱ्हेवर आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने विडंबने लिहिली, तीच ‘झेंडूची फुले’. शंभर वर्षे होत आली तरी लोक ती आनंदाने वाचतात. ज्यांची टर उडाली त्यांना तेव्हा लागले नसेल असे नाही. पण ती टर छापून, पैसे देऊन विकत घेता येईल अशी होती, तिच्यावर कारागिरीचे कष्ट होते, आणि रोख कवितेवर होता. बोस्टनच्या गटातली चेष्टा पाठीमागची होती. तशी चेष्टा आपण सगळे करतो, या सभागृहातही गेल्या दहा मिनिटांत झाली असेल. पूर्वी ती हवेत विरायची, आता लेखी राहते. आमच्या साहित्यिकांच्या ग्रुपवर एकदा गावाचे नाव बेळगाव लिहायचे की बेळगावी, यावरून तीन दिवस वाद चालला. वाद महत्त्वाचाच होता, आपल्या भागात तो भाषेच्या मुळाशी जातो. पण तिसऱ्या दिवशी माझ्या असे ध्यानात आले, की प्रत्येकाला आपले उत्तर कुणी कुणी पाहिले यात जास्त रस होता. त्या प्रत्येकात मीही होतो.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात नीच गोत्राची कारणे दिली आहेत. परनिंदा आणि आत्मप्रशंसा ही दोन आपल्याला अपेक्षितच असतात. पुढची जोडी मला अधिक विचार करायला लावते. दुसऱ्याचा असलेला गुण झाकणे आणि आपला नसलेला गुण उघड करणे. म्हणजे दाद हातची राखणे हाही दोष आहे. नुसता स्वतःचा डंका पिटणाराच दोषी असे नाही, ऐकूनही मुद्दाम गप्प बसणारासुद्धा. त्या सूत्राच्या उजेडात मी दोघी लेखिकांकडे पाहू लागलो तर कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. लार्सन यांची एक बाजू मला पूर्ण पटते. लेखक जगण्यातूनच उचलतो, प्रत्येक वेळी परवानगीचा कागद मागत बसला तर एक कथा लिहून होणार नाही. आणि डॉरलंड यांची वेदनाही खोटी नाही. आपण जिवाच्या तळातून लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या कथेत हास्यास्पद होऊन भेटावे, हे दुखणारच.

मग एके दिवशी, दवाखाना बंद करताना, डोक्यात आले. अरे, त्या मूत्रपिंडाचे काय झाले? साखळीच्या शेवटी कुणीतरी माणूस होता. पत्र त्याच्यासाठी लिहिले होते. आठ वर्षे दोन लेखिका, त्यांचे मित्र, वकील, वार्ताहर आणि हजारो अनोळखी लोक त्या पत्राचे एकेक वाक्य तपासत होते, आणि ज्याला ते लिहिले त्याची आठवण कुणी काढत नव्हते. मीसुद्धा सगळे वाचून होईपर्यंत काढली नाही.

आता माझी गोष्ट.

हानेमान यांनी ‘ऑर्गनॉन’मध्ये वैद्याला सांगून ठेवले आहे, की रुग्ण बोलत असताना मध्ये तोडू नका आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. पस्तीस-चाळीस वर्षे मी तेच करतो आहे. डोके दुखते असे कुणी सांगत नाही. कुणी म्हणते, आत कुणीतरी पाट्यावर वाटतंय. तुम्हाला खरे सांगतो, आपल्या भागातले उत्तम मराठी गद्य माझ्या केसपेपरांत पडून आहे, आणि त्यातले एकही वाक्य माझे नाही.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी ललित लेख लिहिला. एका रुग्ण बाईंनी आपल्या संसाराबद्दल मला एक वाक्य सांगितले होते. ते वाक्य मी आज सांगणार नाही. त्या कुठल्या, वय काय, कशासाठी येत होत्या, हेही नाही. लेखात मी काळजी घेतली होती. नाव बदलले, गाव बदलले, आजार बदलला. वाक्य मात्र बदलले नाही. कारण लेखात तेवढेच चांगले होते.

अंक आला. मी पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. खाली ११४ अंगठे आणि हात जोडलेली चित्रे जमली, मी मोजली आहेत. काहींनी नेमके ते वाक्य उचलून ‘डॉक्टर, ही ओळ काळजात गेली’ असे लिहिले, आणि मी ‘आपला स्नेह’ असे उत्तर देत राहिलो. रात्री दोनदा उठून फोन पाहिला. घरातून आवाज आला, “कोण पेशंट सिरियस आहे काय हो?” मी “नाही, झोप” म्हटले.

एक ज्येष्ठ कवी मात्र काही बोलले नाहीत. निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे पाहिले होते. मला त्याचा इतका राग आला, की त्याच आठवड्यात ते गुडघ्याच्या दुखण्यासाठी आले तेव्हा मी त्यांच्याशी दोन शब्दही नीट बोललो नाही. औषधात काही फरक केला नाही, एवढेच. पुढे कळले, की त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि फोन नातवाकडे होता. बोस्टनच्या बाईंना मी काय म्हणून हसू?

फोटो ग्रुपवरून ग्रुपवर गेले. आठव्या दिवशी त्या बाई दवाखान्यात आल्या. नंबर लावला नाही, सगळे जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग आत येऊन उभ्याउभ्याच म्हणाल्या, “डॉक्टर, माझा कागद द्या.” मी समजावू लागलो, तुमचे नाव कुठेच नाही, गावही वेगळे आहे. त्या म्हणाल्या, “नाव माझं न्हवतं, बोलणं माझंच हुतं.” मी कपाट उघडून केसपेपर काढला. इतक्या वर्षांचे पाच-सहा कागद एकत्र टाचलेले होते. त्यांनी ते मोजले, घडी करून पिशवीत ठेवले आणि गेल्या. मी पोस्ट काढून टाकली. अंक काढून टाकता येत नव्हता आणि पुढे गेलेले फोटोही. त्यानंतर केसपेपर मी रुग्णांकडेच देतो, येताना आणा म्हणतो. निम्मे लोक हरवतात आणि मग सगळे पुन्हा विचारावे लागते.

या भाषणात हे सांगायचे ठरवल्यावर गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. मधली वर्षे त्या माझ्याकडे आल्या नव्हत्या. त्यांनी ओळखले, बसायला सांगितले, मी चहा घेत नाही हे लक्षात ठेवून दूध आणले. मी म्हटले, त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात, तेवढे मला लोकांसमोर सांगायचे आहे, सांगू का? त्यांनी विचारले, किती लोक असतील? म्हटले, शंभर-दीडशे. “आणि फोनवर?” म्हटले, फोनवर जाणार नाही, मी तसे सांगून ठेवतो. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चालतंय, सांगा.”

मी उठलो, चपला घातल्या, आणि मग मला आठवले. पुन्हा आत जाऊन म्हटले, बाई, एक राहिले. ही भाषणे नंतर पुस्तकात छापतात.

त्या पहिल्यांदाच हसल्या. “पुस्तक कोण वाचतंय हो डॉक्टर,” म्हणाल्या, “छापा की.”